पहिलं ‘नाय’ माजं व्हतं

हौसे, त्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मधी दामा पंच, मांडीवर पानाची चंची. त्याच्या बाजूला त्याचा भाऊ लडक्या, जो बैठकीत फक्त खोकायला यायचा. खांबाला टेकून माजी सासू. हात मागं बांधून उभे आमचे हे. तुजा काशिनाथ सगळ्यांच्या मागं, नवीन लगीन झालेला, म्हणून लाजत. समोर गोमाकाका, आपल्या उघाडीचा राखणदार, गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा झालेला. त्याच्या मागं त्याची बायको चांगुणा आणि मुलगा नारायण, आपल्याच वयाचा. बाकी गाव खाली उभा. आणि आपण दोघी. मला सहावा म्हयना चालू व्हता.

दामा पंचानं विचारलं, “पोरींनो, गोमा बोलतो, मी जेवायला गेलो तवा या दोघींना उघाडीवर बसवून गेलो. खरं हाय का?”

मी बोलले, “नाय.”

मग त्यानं तुज्याकडं बघितलं. तू माज्याकडं बघितलंस. मग तू बी बोललीस, “नाय.”

त्या ओट्यावरची माणसं आता गेली. उरलो मी आणि नारायण. तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. तुज्या मातीला मी पेणवरून सकाळच्या गाडीनं रोह्याला आले आणि त्या दिवसापासनं माजा जीव ठिकाणावर नाय. बसले तर उठावंसं वाटतं. उठले तर कशाला उठले ते कळत नाय. सून बोलते, आई, तुम्ही एकच भांडं तीन वेळा घासलंत. घासलं असंल.

म्हणून लिवते. अक्षर तूच शिकवलंस, तवा वाकडं आलं तर तुलाच बोल.

ज्यांना आपला गाव ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगते. आपली शेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मधी मातीचा बांध, आणि बांधाच्या पोटात लाकडी फळ्यांचा दरवाजा, ती उघाडी. ओहोटीला फळ्या उचलायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला फळ्या खाचेत घट्ट बसवायच्या, म्हंजी खारं पाणी आत येत नाय. एवढंच काम, पण सगळ्या गावाचं पोट त्या फळ्यांवर. म्हणून गोमाकाका. घरटी भात देऊन गावानं त्याला ठेवलेला. बांधावरच खोप बांधून राहायचा. घरी फक्त जेवायला जायचा.

भादव्याची पुनव व्हती. उधाण भर दुपारी. आपण बांधावर गवत कापत व्हतो. गोमाकाका बोलला, “पोरींनो, घरी कडू वाल शिजलेत, जरा जेवून येतो. फळ्यांना हात लावू नका. पाणी वर चढलं तर हाक मारा.” जाताना परत वळून बोलला, “हात लावू नका गो.” तू त्याची नक्कल केलीस, कमरेवर हात ठेवून. मी हसले.

मग मीच बोलले. हे कोणाला ठाऊक नाय, हौसे. तुला ठाऊक व्हतं, आणि तू ते घेऊन गेलीस. मी बोलले, “माज्या तोंडाला आठ दिवस झाले चव नाय. कोळंबी खावीशी वाटते.” घरात सासू माशाचं डोकं मला वाढायची आणि तुकडा लेकाला. कोळंबीचं तर नावच नको.

“एवढंच ना?” तू बोललीस. “एक फळी इतभर उचलू. पाण्याबरोबर आत येतील, टोपलीत धरू, फळी परत खाली. काकाचा वाल अजून ताटात असंल.”

गावातले पुरुष बी तसं करायचे, चोरून. आपल्याला वाटलं, त्यांना जमतं तर आपल्याला का नाय. पण ते ओहोटी लागता लागता करायचे. आपण केलं पाणी चढत असताना. दोरी तू ओढलीस, बांबू मी खाली घातला. कोळंबी आली, खोटं नाय बोलणार, टोपलीभर आली, उड्या मारत. आणि फळी खाली जाईना. खाचेत तिरपी बसली. आपण दोघी तिच्यावर उभ्या राहिलो, नाचलो, रडलो. पाणी कडेची माती खायला लागलं. आधी ढेकळं, मग घमेल्याएवढी, मग बांधाचा तुकडाच गेला. खांड पडली. तू माजा हात धरलास आणि आपण पळालो. गोमाकाकाला हाक मारली नाय. हाक मारली असती तर चार माणसं येऊन माती टाकून थांबवता आलं असतं. मला रोज आठवतं ते हेच. फळी उचलली तो येडेपणा. हाक नाय मारली ते पाप.

भात पोटरीत आलेलं. चार दिवसांत पिवळं पडलं. पुढली तीन वर्सं जमिनीनं भात दिलं नाय. उगवायचं, वर यायचं, बघणाऱ्याला वाटायचं आता पीक आलं. कापून झोडलं की सगळं पोचट. जमिनीत मीठ बसलेलं. गाव मिठागरावर गेला, वीटभट्टीवर गेला. आपण बी गेलो मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन. पायाच्या भेगांत मीठ जायचं तवा तू शिव्या द्यायचीस, अशा शिव्या की मुकादम कान झाकायचा. मी देत नव्हते. मला वाटायचं हे मला मिळायलाच पायजे.

गोमाकाकाला कोणी मारलं नाय. नुसतं बोलवायचं बंद केलं. ना कामाला, ना हळदीला, ना मातीला. त्यानं एकदाच बोलून बघितलं, “दोघी व्हत्या.” त्याला सासू बोलली, “पोटुशी बाईवर आळ घेतोस, जीभ झडंल.” माजं पोट त्या दिवशी माज्या कामाला आलं. दिवाळीच्या आत तो बायकामुलाला घेऊन गेला. एसटीत बसताना चांगुणानं गावाकडं पाठ केली. नंतर कळलं, रोह्याला लाकडाच्या वखारीत वझी उचलतो.

माजी पहिली पोर, सगुणा, दीड वर्साची असताना हगवणीनं गेली. घरात पेजेला तांदूळ नव्हते त्या वर्सी. मी रडले नाय. मी मनात बोलले, झालं. फिटलं. देवानं घेतलं, आता माज्याकडं काय मागू नको.

यात नऊ वर्सं गेली. आपण त्या दुपारचं नाव एकमेकींजवळ कवा काढलं नाय.

मग तू आजारी पडलीस, पोटात गाठ. काशिनाथ तुला दवाखान्यात घेऊन गेला, तिथं एक ख्रिस्ती नर्सबाय भेटली. दोन म्हयन्यांनी तू परत आलीस ती दुसरीच. आधी मला वाटलं आजारानं मऊ पडली. मग कळलं तू बाप्तिस्मा घेतलास. गावात हसू झालं. मी बी हसले. मी बोलले, “आता काय हौसे, झगा घालणार का? नाव काय ठेवलं तुजं, मेरी?”

“हौसाच हाय गो,” तू बोललीस. “हे घे.” आणि पदराखालून माजा विळा काढलास.

माजा विळा! नऊ वर्सं मी तो शोधत व्हते. त्या विळ्यापायी मी धाकट्या जावेशी बोलणं टाकलेलं.

“तू चोरलास?”

“बांधावरनं पळताना दोन व्हते हातात, तुजा नि माजा. तुजा चांगला व्हता. ठेवला.”

“आणि आता आणून देतेस? धार तरी लावायची.”

“लावली हाय,” तू बोललीस. बघितलं तर खरंच लावलेली.

मग तू घरोघर फिरलीस. कोणाची कोंबडी, कोणाच्या कुंपणाची काठी, कोणाला दिलेली शिवी. आमची सासू बोलली, “ही बया मरायला टेकली वाटतं, आवराआवर करते.” पण मी बघत व्हते. मिठागरावर तुज्या पायात काच गेली, आणि तू शिवी दिली नायस. ओठ चावून बसलीस, मग काच काढून बाजूला नेऊन पुरलीस, दुसऱ्याला लागू नये म्हणून. मला त्या काचेची भीती वाटली, हौसे. विळ्याची नाय वाटली. मला कळलं ही आता थांबणार नाय. ही उघाडीपर्यंत जाणार.

आणि तू आलीसच. मी दारात तांदूळ निवडत व्हते. तू समोर बसलीस, सुपातले खडे वेचायला लागलीस आणि बोललीस, “पारू, मी गोमाकाकाकडं जाणार. तू येतेस?”

मी सूप आपटलं. “तुज्या देवानं तुला माफ केलं ना? बोलतेस ना तसं? मग कशाला जुनं उकरतेस?”

“माफ केलं म्हणूनच जाता येतंय गो. नायतर माजी छाती नव्हती.”

“तुजा सगळा भार त्यानं घेतला, असं तूच सांगतेस. मग झालं ना हलकं.”

तवा तू जे बोललीस ते मी विसरले नाय. तू बोललीस, “हलकं कसं गो? ते उचलताना तो क्रुसावर मेला. एवढं जड व्हतं. आपल्या टोपलीभर कोळंबीचं एवढं वजन हाय, हे मला आधी ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं, तर मी कशी गप बसू?”

उत्तर नसलं की मी काय करते तुला ठाऊक हाय. माजा पोरगा ओसरीत झोपलेला, दोन वर्सांचा. मी तुजा हात ओढून त्याच्या डोक्यावर ठेवला. बोलले, “शपथ घे, माजं नाव घेणार नाय. सासू मला घराबाहेर काढंल. एक पोर गेलं, हा बी आईविना राहील. घे शपथ.”

तू पोराकडं बघितलंस. मग बोललीस, “घेते.”

पुढं कितीदा तू बोललीस की ती शपथ घेतली हे तुजं चुकलं. नवीन व्हतीस, कळलं नाय. पण चूक तुजी नव्हती. हात मी ओढला.

तू एकटी रोह्याला गेलीस एसटीनं. परत येऊन मला सगळं सांगितलंस, मी विचारलं नव्हतं तरी. वखारीच्या दारात गोमाकाका ओंडक्यावर बसलेला. तू पाया पडलीस, सांगितलंस, फळी मी उचलली, ओट्यावर खोटं मी बोलले. मग त्यानं एकच विचारलं, “आणि ती दुसरी?”

तू बोललीस, “ती आधीच घरी गेलती.”

“मला दोघी आठवतात.”

“नाय काका. मी एकटीच.”

तू मला सांगताना तिथं रडलीस. फळीवर नाय रडलीस, ओट्यावरच्या खोट्यावर नाय. या एका वाक्यावर रडलीस. बोललीस, “पाप सांगायला गेले आणि तिथंच नवीन करून आले.” मी तुला पाणी दिलं. मनातून मला बरं वाटलेलं, हे बी आता सांगते. सुटले असं वाटलं.

तुला त्यावर बी समाधान नव्हतं. गावात गोमाकाका खोटा ठरला तर गावातच खरा ठरायला पायजे, असं तुजं. म्हणून परत तोच ओटा, तीच माणसं, थोडी म्हातारी झालेली. तू मधी उभी राहिलीस. डोक्यावर पदर घट्ट घेतलास आणि बोललीस, “गोमाकाका खरं बोलला व्हता. खांड माज्यामुळं पडली. मी एकटी व्हते.” लडक्या खोकायचा बी थांबला. मग कोणीतरी चिखल मारला. तुज्या दिरानं सगळ्यांसमोर तुला मारलं. माजी सासू तुज्या पायाशी थुंकली आणि माज्याकडं वळून बोलली, “बघ, आणि हिच्यापायी गोमानं तुजं बी नाव घेतलेलं.” मी मान हलवली. पहिल्यांदा मी तोंडानं खोटं बोलले, दुसऱ्यांदा मानेनं.

तुला गाव सोडावा लागला. काशिनाथ कुरकुरत का व्हयना, तुज्याबरोबर रोह्याला आला, धाटावला कंपनीत लागला. मरेपर्यंत तो तुला टोमणे मारायचा, “हिच्या देवापायी मी ॲसिडच्या वासात आलो.” आणि तरी ऐतवारी तुजी चप्पल दारात सरळ करून ठेवायचा.

दामा पंच आणि चार माणसं गोमाकाकाला आणायला गेली. तो आला, एकदाच. गावानं नारळ धरला हातात, त्यानं घेतला नाय. सरळ बांधावर गेला. उघाडीच्या फळ्या एकेक हलवून बघितल्या. बोलला, “खालची सैल हाय रे. बदला.” आणि परत गेला. गावात राहिला नाय. माणसाला परत बोलवलं म्हणून नऊ वर्सं थोडीच परत येतात.

त्याच्या शेवटच्या दोन वर्सांत चांगुणा नव्हती, नारायण पाळीला जायचा. तवा तू रोज जाऊन त्याला अंघोळ घालायचीस. मी एकदा आलते. तू त्याच्या टाचा दगडानं घासत व्हतीस आणि तो तुला ओरडत व्हता, “सावकाश गो, सालटं काढतेस का?” तू बोललीस, “काका, नऊ वर्सांचा मळ हाय, सावकाश कसा निघंल?” तो हसला. दात नव्हते त्याला. मग त्यानं दारात माज्याकडं बघितलं. ओळखलं. हसणं तोंडावर राहिलं आणि डोळ्यातलं गेलं. मी पेणला परत आले. आमचे हे तवा गणपतीच्या कारखान्यात मातीकामाला, आम्ही पेणलाच राहायचो. आठ दिवस मला जेवण गेलं नाय.

त्या टाचा बघून मी मंडळीत, तुज्या चर्चात आले, हौसे. लोकांना वाटलं तू मला आणलंस. तू नाय आणलंस, तू तर बोललीस, “नीट विचार कर, हे पाणी अर्धवट अंगावर घ्यायचं नाय.” मला वाटलं, तुज्यासारखी झाले तर हे आतलं जाईल. पाळकांनी विचारलं, पापाचा पश्चात्ताप करतेस का? मी बोलले, व्हय. तू मागं उभी व्हतीस. मला तुजा श्वास ऐकू आला.

तवापासनं ऐतवारी रोह्याला येते आणि सगळ्यांबरोबर उभी राहून पापाची कबुली देते. सगळ्यांनी मिळून एकदम कबुली द्यायची तर सोपं असतं. एवढ्या आवाजात कोणाचं काय ते कळत नाय. मी सगळ्यात मोठ्यानं बोलायचे. नंतर तू हळूच बोलायचीस, “आवाज चांगला लागला आज.” मला तो टोमणा कळायचा.

वाचायला तू शिकवलंस, पन्नाशीत. शास्त्रावर, म्हंजी बायबलवर बोट ठेवून, एकेक अक्षर. मी चुकले की टपली मारायचीस. मी बोलायचे, “ख्रिस्ती बाई मारते का?” तू बोलायचीस, “ही ख्रिस्ती टपली हाय, लागत नाय.” लागायची चांगली. तुज्यामुळं मी एसटीची पाटी वाचते, औषधाची चिठ्ठी वाचते. माजा मुलगा डोलवीला कंपनीत ठेक्यावर व्हता, त्याचा कागद मी वाचून सांगितला की यात सही करू नको. सून घरात गणपती बसवते, मी शास्त्र वाचते, ती माज्यासाठी दिवा जवळ आणून ठेवते. हे सगळं तुजं.

पण आपलं भांडण संपलं नाय. तू दर वर्सी एकदा काढायचीसच. “पारू, सासू गेली. दामा गेला. आता कोणाला भितेस?” मी बोलायचे, आमचे हे हायेत. हे गेले. मग बोलले, मुलगा काय म्हणंल. तू बोललीस, “तुज्याकडं दारं संपत नाय. एक बंद झालं की दुसऱ्यातनं निघतेस.”

एकदा मी चिडून बोलले, “मी भोगलंय. माजी सगुणा गेली. देवानं तिला घेतलं ना त्या पापापायी? अजून काय पायजे त्याला?”

तू उभी राहिलीस. तुला एवढं रागावलेलं मी मिठागरावर बी बघितलं नव्हतं. “देव असा पोरं नेत नाय. तुजं पाप तुजं, सगुणाचं मरण सगुणाचं. त्या लेकराला वेठीला धरू नको. आणि तिच्या मागं लपू नको, पारू.”

मी तुज्याशी वर्सभर बोलले नाय. तिच्या मागं लपू नको, असं माज्या पोरीबद्दल. वर्सभर मी तुला तोडून बोलत व्हते मनात. आणि त्याच वर्सी मी पहिल्यांदा सगुणासाठी रडले, हौसे. इतकी वर्सं मी तिला नुसती पावती करून ठेवलेली. तुज्यामुळं ती परत पोर झाली माजी. तिचे कान कसे व्हते ते आठवलं. हे तुला सांगायचं राहिलं. भांडण मिटलं तवा मी नुसती भाकरी घेऊन आले, तू नुसती खाल्लीस.

तूच बोलायचीस ना, खार लागलेली जमीन वरनं गोडी दिसते. वर पावसाचं पाणी साचतं, बेडूक ओरडतात, माणसाला वाटतं झालं. पण उघाडी उघडून ते पाणी बाहेर काढावं लागतं, मीठ घेऊन, परत परत. साठवून ठेवलं तर मीठ तिथंच. मी चाळीस वर्सं गोडं पाणी साठवलं. उपास केले, गाणी पाठ केली, तुज्यासारखं बोलायला शिकले. झोडून बघितलं नाय कवा.

मागल्या म्हयन्यात मी आले तवा तू खाटेवर व्हतीस. आवाज बसलेला. तू माजा हात धरून बोललीस, “पारू, माजी शपथ सोडव. मोडली असती तर कवाच मोडली असती, पण मोडायची नाय मला. तू सोडव. मी गोमाकाकाला खोटं बोलले त्याचं मला आता ओझं होतं. निदान नारायणला सांगून जाऊ दे.”

एका शब्दाचं काम व्हतं. सोडवली. एवढंच बोलायचं. मी तुज्या अंगावरची चादर सारखी केली. बोलले, “पुढल्या ऐतवारी बोलू. आता आराम कर.”

तू माज्याकडं बघितलंस. रागावली नायस. बोललीस, “बरं.”

शुक्रवारी तू गेलीस.

मातीच्या आधी पाळकांनी तुजी साक्ष सांगितली. चांगलं सांगितलं. एका बाईनं एकटीनं केलेलं पाप, एकटीनं दिलेली कबुली, आणि देवानं ती बाई कशी बदलली. लोकं डोळे पुसत व्हती. मी पुढच्या बाकावर, तुजी जुनी मैत्रीण म्हणून. ‘एकटी’ शब्द आला की मी मनात मोजायचे. पाचदा आला.

मग नारायण काठी टेकत आला, माज्या बाजूला बसला. त्याला आता दिसत नाय म्हणावं तितकं कमी दिसतं. माजा हात चाचपून धरला आणि बोलला, “वैनी, एक मागायचं व्हतं. माजा बाप मरेपर्यंत बोलायचा, दोघी व्हत्या. हौसाबाय ‘मी एकटीच’ बोलली तरी त्याच्या मनातनं गेलं नाय. आणि मी बी इतकी वर्सं तुमच्यावर मनात राग धरला. आज हौसाबायच्या मातीवर तो सोडतो. आमचं चुकलं. मला माफ करा.”

हौसे, तो माजी माफी मागत व्हता. गोमाकाकाचा मुलगा. माज्याकडं.

मी काय बोलले सांगू? मी बोलले, “जाऊ दे बाबा.”

तिसऱ्यांदा.

त्याच्या बापाला मरणाच्या दिवसापर्यंत खरं तेच आठवत व्हतं, आणि आता त्याच्या मुलाला वाटतं बाप चुकीचं आठवायचा. हे मी त्याच्याकडनं नेलं. भात नेलं ते नेलं, गाव नेला तो नेला, आता बापाचा शब्द बी नेला.

मला ठाऊक नाय माज्यात बदल झालाय का नाय. तुज्यात झाला तो दिसायचा, काचेच्या तुकड्यापर्यंत दिसायचा. माज्यात असला तर एवढाच, की आता मला झोप येत नाय, आणि मी त्यावर औषध मागत नाय. देवाला रोज बोलते, हे दुखणं काढू नको, अजून काम हाय त्याचं. तुजी शपथ मी सोडवली, हौसे. अकरा दिवस उशिरा. तुला ऐकू येतं का नाय ते मला कळत नाय. तू असतीस तर बोलली असतीस, मला नको सांगू, नारायणला सांग.

तर सांगते. तुज्या स्मरणाची उपासना म्हयना झाला की रोह्याला हाय. मी येणार. हा कागद घेऊन येणार. तोंडानं सांगायचं ठरवलंय, पण मला माजं तोंड ठाऊक हाय. तीनदा त्यानं मला फसवलंय. म्हणून कागद.

ज्या कोणाच्या हातात हा कागद येईल, त्यांना माजं एवढंच मागणं. नारायणला पुढं बसवा, त्याला ऐकू येईल असं. मग मोठ्यानं वाचा, पहिल्या ओळीपासनं. मी समोरच बसलेली असंन. मधी मी रडले, उठले, पाणी मागितलं, बरं वाटत नाय बोलले, तरी थांबू नका. शेवटपर्यंत वाचा.